तण सांभाळायचे पैसे

माझा जर्मन घरमालक गहू पिकवायचा आणि मी त्याची नक्कल करायचो. दोघांचंही बरं चाललं होतं.

हेर्त्सोगेनआउराखच्या जरा बाहेर त्याचं शेत होतं, शेताला लागून घर, आणि घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने मी. ऑफिसात मी मेकॅनिकल इंजिनिअर, पण कॅन्टीनमध्ये माझी खरी डिमांड नकलांना. त्यात मालक एकदम हिट. पोट पुढे काढायचं, अंगठे गॅलिसमध्ये अडकवायचे, प च्या जागी ब आणि त च्या जागी द, झाला फ्रँकेनचा, म्हणजे तिकडच्या मुलखातला, शेतकरी तयार. मग ओरडायचं, "त्से-ओ-त्स्वाय!" म्हणजे सीओटू. ऑफिसातली पुण्याची पोरं हसून टेबलाखाली.

ते २०१९ साल होतं. कार्बनवर कर लावायचा की नाही, यावर टीव्हीवर रोज भांडणं चालायची, आणि खालच्या मजल्यावर मालक टीव्हीशी भांडायचा. "डिझेल महाग करणार, हीटिंग ऑइल महाग करणार. कापणीत पाऊस आला की माझा गहू ओला येतो. तो वाळवायचा कशाने? फुंकर मारून? आणि कर लागला म्हणून गिरणीवाला मला एक सेंट जास्त देईल का?"

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारायचो.

"अटी पाळणार, मदत घेणार, आणि ओरडणार."

अटीही अशा होत्या की माझ्या गावच्या लोकांना खोट्या वाटतील. ओढ्याकडेचा एक लांब पट्टा त्याने मुद्दाम नांगराबाहेर ठेवला होता. त्यात फुलांचं बी टाकायचं, मग येईल ते उगवू द्यायचं, आणि उन्हाळा सरेपर्यंत हात लावायचा नाही. किडे-पाखरांसाठी. त्याबद्दल सरकार मदत देणार. पण तपासणीत तिथे गडबड सापडली, तर कात्री सगळ्या शेतांच्या मदतीला. कर येऊ घातलेला, तेव्हा ही मदत म्हणजे त्याचा श्वास होता.

हे सगळं मला माहीत होतं. अण्णांना नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्या तालुक्यातले पक्के ज्वारीवाले. व्हिसावर माझ्याकडे आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मालकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नाव देऊन टाकलं, "पाटील." मालक त्यांना "हेर पापा" म्हणायचा. एकाला मराठी, दुसऱ्याला जर्मन, तरी दोघं बाकावर बसून तासन्‌तास बोलायचे. मी मध्ये पडलो तर दोघांनाही डिस्टर्ब व्हायचं.

एका संध्याकाळी बसमधून उतरलो तर अण्णा फाटकातच उभे. घामाघूम, आणि तोंडावर पोरगा पहिला आल्यासारखा आनंद.

"चल, दाखवतो. पाटलांचा बांध लख्ख केला."

"कुठला बांध, अण्णा?"

"तो ओढ्याकडचा. अरे, एवढा सोन्यासारखा गहू आणि कडेला हे रान! माणूस एकटा पडतो रे कामाला. म्हटलं आपण रिकामेच आहोत."

धान्याच्या कोठारात भिंतीवर एक गंजका विळा टांगलेला असायचा, शोभेला. अण्णांनी तो दगडावर घासून धार लावली होती. अर्धा पट्टा साफ. आणि कापलेल्याच्या पेंढ्या बांधून ओळीत लावलेल्या, अगदी मापात.

मालक तिथेच उभा होता. ओरडत नव्हता. त्याचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदा बघितला.

"रानडुकरं आली होती असं सांगू," मी म्हटलं.

त्याने पेंढ्यांकडे बोट केलं. "रानडुक्कर पेंढ्या बांधतं?"

अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, "तण वाढवायचे पैसे? सरकार देतं?" मग टोपी काढली, मालकासमोर गेले आणि मराठीत म्हणाले, "पाटील, चूक माझी. कुणाला सांगायचं ते सांगा, मी उभा राहतो." मालकाला एक शब्द कळला नसणार. त्याने अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

नियमात एक फट होती. तपासणीवाल्यांना सापडायच्या आधी आपणच कळवलं, तर तेवढ्या पट्ट्यापुरतंच भागतं. पण कळवायचं म्हणजे आम्टला, शेतीच्या सरकारी कचेरीला, फोन, आणि आम्ट म्हटलं की मालकाची बोबडी वळायची. टीव्हीतल्या मंत्र्यांना शिव्या घालणारा माणूस टेबलावरच्या फोनला घाबरत होता.

"प्रॅक्टिस करू," मी म्हटलं. चमचा कानाला लावला, नाक चिमटीत धरलं आणि आम्टातली कडक बाई झालो. "आल्झो! कोणी कापलं?"

"मी... म्हणजे भाडेकरू... म्हणजे त्याचा बाप..."

"वाक्य पूर्ण करा!"

अण्णा शेजारून म्हणाले, "अरे, एवढं टाकून नको बोलू त्यांना." मी बाई चालूच ठेवली. मालक आधी चिडला, मग हसला, मग सरळ बोलायला लागला. शेवटी तर बाईलाच दोन शब्द सुनावले. गडी तयार.

सकाळी फोन लावला तर पलीकडे बाई नव्हतीच. एक तरुण पोरगा, मालकासारखाच फ्रँकेनचा. मालकाने पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं.

"विळ्याने?" पोरगा म्हणाला. "एवढा पट्टा?"

"अर्धाच. त्याचं वय झालंय."

पलीकडे खोकल्याआड हसू दाबल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. मग त्याने सांगितलं, आधी कळवलंत ते बरं केलंत, लेखी पाठवा, पट्टा यंदाच्या मदतीतून निघेल, बाकीच्या शेतांना धक्का नाही.

मालकाने फोन ठेवला. पट्ट्याचे गेले, पण शेतं वाचली. तो आपल्या जुन्या आवाजात गरजला, "बास्द शो!" जमलं म्हणायचं. फ्रँकेनमध्ये याहून मोठा आनंद माणूस तोंडाने बोलत नाही.

मग कोठाराचं दार उघडून त्याने अण्णांना विळा दिला आणि मला म्हणाला, "सांग त्यांना. यंदा आता कोणी विचारणार नाही. उरलेलं अर्धं पण कापा, अर्धवट बरं दिसत नाही."

मी सांगितलं. अण्णांनी विळा घेतला आणि परत भिंतीवर टांगला.

"नाही म्हणावं. त्यात पाखरांची पिल्लं आहेत. काल दिसली, म्हणून तर तिथे थांबलो. नाहीतर मी अर्धं काम सोडणारा माणूस आहे का?"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. मालकाने बूट चढवले आणि अण्णांना हाताने खुणावलं, कुठे ते दाखवा.