देवगिरीच्या आभाळात लाल सिग्नल

किस्से जमवावे लागत नाहीत. मी आयुष्यभर सरकारी धान्य गोदामाचा कारकून होतो. तिथे एक गोष्ट शिकलो, उंदीर कुणी आणून सोडत नाही. धान्य ठेवा, दाराला कुलूप लावा, उंदीर आपोआप होतात. किस्स्यांचंही तसंच. रिकामी माणसं एका खोलीत बसवा, समोर टीव्ही ठेवा आणि दार लोटून घ्या. पुढचं काही करावं लागत नाही.

आमची खोली दौंडला, आप्पांच्या घरातली पुढची. आप्पा म्हणजे रेल्वेचे रिटायर्ड ड्रायव्हर. हल्ली त्यांना लोको पायलट म्हणतात, पण आप्पांना ते विमानवाल्यासारखं वाटतं. दुसरे म्हाळूमामा, राहू गावचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. मामांनीही तरुणपणी कळप वळवला, आता मुलं ऊस करतात आणि मामा दौंडला येऊन बसतात. तिसरा मी. मी शिरूरहून एसटीने येतो. बायकोने विचारलं, "एवढं कशाला जाता?" मी म्हणालो, "समीक्षेला." तिला वाटतं, साहित्य मंडळ आहे!

समीक्षा असते व्हिडिओ गेमची.

* * *

हे सुरू केलं आप्पांच्या सुनेने, मनीषाने. ती कुरकुंभला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. पहिली पाळी करून दुपारी घरी येते आणि इंटरनेटवरच्या आपल्या चॅनेलवर मराठीतून गेमचे रिव्ह्यू करते. तिचा एकच नियम. गेम शेवटपर्यंत खेळून झाल्याशिवाय रिव्ह्यू नाही.

"अर्धी बॅच तपासून कुणी सही करतं का?" ती म्हणते.

तेव्हा आप्पांना अर्धांगवायूचा झटका येऊन काही महिने झाले होते. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवा, खांदा उचला, आत्ता नाही केलं तर हात असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला. आप्पांनी तो शेजारच्या कुत्र्याला दिला.

"मी काय तान्हं पोर हाय का चेंडू खेळायला?"

त्याच आठवड्यात मनीषा म्हणाली, "आप्पा, एक नवीन गेम आलाय. ह्याचा रिव्ह्यू मला ज्येष्ठ नागरिकांकडून करून घ्यायचाय. नवीन आयडिया हाय. नाही म्हणू नका, माझं चॅनेल अडलंय."

सून अडली म्हटल्यावर आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. विमान चालवायची काडी डाव्या अंगठ्याशी होती आणि गोळी मारायचं बटण उजव्या. हे मनीषाने सांगितलं नाही. मला दिसलं, मीही बोललो नाही. नोकरीत शिकलेली ही दुसरी गोष्ट.

* * *

गेमचं नाव 'अभंग देवगिरी'. प्रकार आर्केड. म्हणजे खाली आपलं विमान, वरून शत्रूची विमानं, मध्ये गोळ्यांचा सडा, आणि आपल्याला तीन जीव. तिन्ही गेले की पहिल्यापासून.

पण गोष्ट ऐका! देवगिरीच्या वेढ्याची दंतकथा आपण शाळेत ऐकलेली असते. किल्ल्यात धान्याची म्हणून पोती भरून घेतली, वेढा पडल्यावर उघडली, तर आत मीठ. किल्ला शरण गेला. ह्या गेममध्ये काय होतं, तर पोती आत येताना दारावरचा एक पहारेकरी सहज एका पोत्यात भाला खुपसतो. पांढरं मीठ खाली सांडतं. तो ओरडतो, पोती परत जातात, धान्य येतं आणि किल्ला पडतच नाही. पुढची काही शतकं तिथले कारागीर जिवंत राहतात, वाफेचं यंत्र दख्खनमध्ये तयार होतं आणि गोदावरीवरून तांब्याची, लाकडाची, हेमाडपंती देवळांसारखी कोरलेली जहाजं उडू लागतात!

मी उठून उभा राहिलो. खरंच राहिलो. खाली काळी जमीन, तिच्यावर जहाजाची सावली सरकतेय, सूर्य किल्ल्यामागून वर येतोय. आणि हे सगळं कशामुळे? एका माणसाने माल तपासून घेतला म्हणून! पोत्यात टोकदार पोकळ सळई खुपसून नमुना काढणं, हेच मी जन्मभर केलं. त्यातून साम्राज्य उभं राहू शकतं, असं मला वरिष्ठांनी कधी सांगितलं नव्हतं.

मामा म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या पोत्यात कवा मीठ निघालं का वो?"

"मीठ नाही. एकदा मांजर निघाली. व्यालेली."

"मग तुमच्या राज्यात काय उडलं असतं?"

"फाईल."

* * *

पहिला डाव मामांचा. मनीषाने समजावलं, शत्रू दिसला की गोळी मारायची.

मामांनी गोळी मारलीच नाही. ते विमान डावीकडून घेत, उजवीकडून घेत, शत्रूच्या बाजूबाजूने फिरू लागले. तोंडाने "हर्र, हर्र" चालू. थोड्या वेळाने बघतो तर शत्रूची सगळी विमानं पडद्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी! गोळ्या झाडत होती, पण सगळ्या एकाच दिशेला. मामा दुसऱ्या कोपऱ्यात निवांत.

मनीषा ओरडली, "मामा, मारा की आता! सगळे एका जागी हायत!"

"मारायचं कशाला? गप उभी हायती की."

"अहो, शत्रू हाय तो!"

"आसंल. पुढचं वळवलं की मागची येत्यात. त्येला काय कळतंय शत्रू का काय ते."

मामांनी जीव न गमावता पहिली पातळी पार केली. गुण शून्य! मनीषा म्हणाली, हा गेम तिने देशभरातल्या खेळाडूंचा बघितलाय, असं कुणी केलेलं बघितलं नाही.

मामांनी शांतपणे विचारलं, "देशभरात मेंढरं कमी झाल्यात का?"

* * *

आप्पांचा डाव निराळा होता.

इंजिनात एक रीत असते. पुढचा सिग्नल दिसला की ड्रायव्हरने रंग मोठ्याने म्हणायचा आणि शेजारच्या असिस्टंटने तोच रंग परत मोठ्याने म्हणायचा. दोघांनी बघितलं ह्याची खात्री. आप्पांनी नोकरीभर तेच केलं. टीव्हीसमोरही पहिल्याच मिनिटाला एका मनोऱ्यावर हिरवा दिवा दिसताच त्यांनी "हिरवा!" म्हटलं आणि खेळ सोडून मामांकडे वळून बघितलं.

"म्हाळू, परत म्हण."

"काय?"

"हिरवा म्हण. असिस्टंट हायेस तू."

"मी राहूचा हाय," मामा म्हणाले. पण म्हणाले, "हिरवा!"

तेव्हापासून रोज दुपारी "हिरवा!" "हिरवा!" "पिवळा!" "पिवळा!" असा गजर सुरू झाला. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन मनीषाला हळूच विचारून गेल्या, "आप्पांना रंग वळखायचं औषध चालू हाय का गं?"

इथवर ठीक होतं. दुसऱ्या पातळीवर दोन मनोऱ्यांच्या मध्ये लाल दिवा होता, निव्वळ शोभेचा. आप्पा म्हणाले, "लाल!" मामा म्हणाले, "लाल!" आणि आप्पांनी विमान थांबवलं.

गोळ्या आल्या. एक जीव गेला. विमान परत आलं, परत थांबलं. दुसरा गेला. मनीषा हात जोडून म्हणाली, "आप्पा, दिवा नुसता डेकोरेशनचा हाय! पुढं चला!"

"लाल असताना?"

"गेम हाय तो!"

"आख्ख्या नोकरीत एकदा पण लाल ओलांडला न्हाई मी. जीव गेला तर जाऊ दे. रेकॉर्ड खराब नको."

तिसराही गेला. रेकॉर्ड शाबूत राहिलं.

* * *

दरम्यान रिव्ह्यूचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून लिहिला. मनीषाने कॅमेऱ्यासमोर वाचायला घेतला, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर खेळातील शत्रूपक्ष समाधानकारक असून..."

तिने कॅमेरा बंद केला.

"काका, गेम आवडला का नाही तुम्हाला?"

मी म्हणालो, "अगं, ते जहाज नदीवरून पहिल्यांदा वळतं ना, तेव्हा श्वास घ्यायचं विसरतो माणूस. वाईट एवढंच वाटतं की, हे बघायला सारखं मरावं लागतं."

"हेच लिहा की मग!"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा मसुदा इतक्या लवकर कुणी मंजूर केला नव्हता.

* * *

एका दुपारी काड्‌कन आवाज झाला. आप्पांच्या हातात कंट्रोलर आणि जमिनीवर त्याचं लाल बटण. गोळी मारायचं. उजव्या अंगठ्याखालचं!

आप्पा ओशाळले. "सूनबाई, जरा जोर जास्ती झाला."

मनीषा वाकली. बटण उचललं, ओच्यात गाठ मारून ठेवल्यासारखं मुठीत धरलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते. म्हणाली, "चला काका, यवतला. तिथला दुकानदार दुरुस्त करतो."

यवतला हायवेच्या कडेला ते दुकान. मनीषाने कंट्रोलर काउंटरवर ठेवला आणि शेजारी पेढ्यांचा बॉक्स उघडला. दुकानदाराने एक उचलला.

"कशाचे हो?"

"बटण तुटलं."

त्याने पेढा तोंडाशी नेला होता, तो थांबवला. "आणि दुरुस्त झाल्यावर काय वाटणार, ताई?"

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बोटं बघितली, खूश झाले. पण म्हणाले, खरा प्रश्न खांद्याचा. दंड छातीच्या वर जात नाही तोवर काही खरं नाही. आणि गेमला अंगठा पुरतो, खांदा लागत नाही.

* * *

आता शेवटचं.

मधले लाल दिवे मनीषाने एक वाट शोधून चुकवले होते. कडेने, ढगांच्या आडून. शेवटच्या पातळीला मात्र वाट एकच. देवगिरीचा महादरवाजा, आणि त्याच्यावर लाल दिवा. शत्रूचं भलंमोठं जहाज दरवाजाच्या आत. गेम पूर्ण करायचा तर लाल ओलांडायचाच. आणि गेम पूर्ण झाल्याशिवाय रिव्ह्यू नाही.

आप्पा दिवसामागून दिवस त्या दरवाजापाशी येत, "लाल!" म्हणत आणि मरत. मनीषा विनवून थकली. मामा म्हणाले, "डोळं झाका अन् जावा." ह्यावर आप्पा दोन दिवस मामांशी बोलले नाहीत.

शेवटी आप्पाच एकदा जेवताना म्हणाले, "एक सोय असती. सिग्नल बिघडलेला असला, तर स्टेशन मास्तर लेखी देतो. मग लाल ओलांडला तरी चालतो."

मनीषाने माझ्याकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन काढलं.

लिहिलं, 'महादरवाजा येथील सिग्नल नादुरुस्त असल्याने सदर विमानास तो लाल स्थितीत, सावकाश व सावधपणे ओलांडण्याची परवानगी देण्यात येत आहे.' खाली सही. स्टेशन मास्तर, देवगिरी.

आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "शिक्का?"

मनीषाने रुपयाला कुंकू लावून कागदावर दाबला.

आप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कंट्रोलर हातात घेतला. दरवाजा आला.

"लाल!"

"लाल!" मामा म्हणाले.

विमान दिव्याखाली थांबलं, क्षणभर. आणि सावकाश आत गेलं.

आत जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तांब्याचं जहाज पडदा भरून होतं. गोळ्यांच्या रांगोळ्या उमटत होत्या. आप्पांचा अंगठा बटणावर असा चालत होता, जणू तो कधी थांबलाच नव्हता. दोन जीव गेले. तिसऱ्यावर ते जहाज मधोमध उघडलं, आणि त्यातून काय बाहेर आलं, तर नुसतं धान्य! सोन्याच्या रंगाचं धान्य आभाळातून खाली, शेतांवर, गावांवर पडत राहिलं. संगीत थांबलं. मामांनी नकळत डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

आता विमान आपोआप चाललं होतं. खेळणाऱ्याला काही करायचं नव्हतं. सकाळ झाली होती, विमान तटाजवळून संथ जात होतं. तटावर एक छोटासा माणूस उभा होता. पहिल्या दृश्यातला तोच, भालावाला. आता त्याच्या हातात हिरवं निशाण होतं आणि तो ते हलवत होता.

इंजिनातली आणखी एक रीत असते. गाडी न थांबता स्टेशनातून जाते, तेव्हा फलाटावरचा माणूस हिरवा झेंडा दाखवतो. त्याला इंजिनातून हात वर करून उत्तर द्यायचं असतं.

"हिरवा!" आप्पा म्हणाले. कंट्रोलर त्यांच्या डाव्या हातात होता.

उजवा हात मांडीवरून उठला. छातीपाशी आला. तिथे अडला, मग वर गेला, खांद्याच्या वर, कानाच्या वर, आणि सरळ उभा राहिला.

मनीषा चहा घेऊन दारात आली होती, ती दारातच राहिली. मामा परत म्हणायचं विसरले.

आप्पांच्या लक्षात आलं, आम्ही पडद्याकडे बघत नाही आहोत. हात तसाच वर धरून ते खेकसले,

"माझ्याकडं काय बघताय? सिग्नल बघा!"