सोमवारी जन्मलेल्यांची पाळी

१९६१ च्या मे महिन्यातला शनिवार. आलेली रोकड दोनशे पंचवीस रुपये. तलासरीजवळच्या रस्त्याच्या कामावर हजर: ओव्हरसियर, हजेरी कारकून म्हणून मी आणि चाळीस मजूर.

मजुरी रोज सव्वा रुपया, सहा दिवसांचे साडेसात. चाळीस जणांचे तीनशे व्हायचे. मागच्या शनिवारीही दोनशे पंचवीसच आले होते, म्हणून यादीतले शेवटचे दहा जण रिकाम्या हाताने गेले होते. यादी मी लावलेली. क्रम कसा लावायचा हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं नसेल तर अक्षरांनी लावायचा, एवढीच माझी सवय.

इथल्या पाड्यांवर पुष्कळांची नावं जन्मवारावरून ठेवतात. अक्षरक्रमात गुरुवारची माणसं वर जातात, सोमवारची तळाशी. त्या दहांत सात सोमवारची होती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांतलीच एक बाई टेबलाशी आली. सायवनला लेकीचे दिवस भरले होते. तांदूळ आणि सुईणीचे पैसे घेऊन तिला दुपारची एस.टी. गाठायची होती. म्हणाली, "भाऊ, तुमच्या वहीत सोमवारचीच माणसं मागं राहतात. काम तर आम्ही सगळ्यांबरोबर केलं."

"पुढच्या जन्मी गुरुवार बघून ये," मागून कोणीतरी म्हणालं. माणसं हसली. मला हसू आलं नाही. यादीवर सही झालेली होती. क्रम मोडला तर तपासणीत मी कोणाची तरी बाजू घेतली असं दिसेल, नोकरी जाईल. घरात खाणारी पाच तोंडं.

ओव्हरसियर म्हणाले, वयाने लाव. पण वय कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कामावर कोण आधी आलं, ते मी लिहून ठेवलं नव्हतं. एस.टी.ची वेळ होत आली होती. शेवटी ते वैतागून म्हणाले, "खालून वाच. शेरा लिही, मी सही करतो."

मी लिहिलं: मागे राहिलेले आधी, यापुढे हाच क्रम. दोन अक्षरं खोडून पुन्हा काढावी लागली.

पहिला अंगठा त्या बाईचा घेतला. ती न मोजताच निघाली होती. मी थांबवून मोजायला लावलं. नंतर तळाच्या बाकी नऊ जणांना पंधरा-पंधरा, त्यांच्या वरच्या दहांना साडेसात-साडेसात. वरचे वीस जण या खेपेला रिकाम्या हाताने राहिले, त्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

दिले एकूण दोनशे पंचवीस, वीस जणांना. त्यांतले पहिले पंधरा सायवनला निघालेल्या बाईला.