बसराबाबांचं नाव

दुपारचं जेवण झाल्यावर हारून झिराडकर आरामखुर्चीत टेकतात. डोळे मिटतात, पण झोप येत नाही. पंख्याची घरघर कानात चालूच राहते. उद्या ठाण्याला नातवाची सुंता आहे. आठवा दिवस. प्रार्थना सांगणारा हझान बाळाचं नाव विचारणार, आणि हारूनकडे नाव नाही.

दोष सिपोराचा, त्यांच्या बायकोचा. तिचे पणजोबा इराकातल्या बसऱ्याहून खजुराच्या गलबतातून रेवदंड्याला उतरले आणि इथल्याच बेने इस्रायल ज्यू घरात लग्न करून राहिले. शेरलीला मुलगा झाला तर त्यांचंच नाव ठेवायचं, असं तिने लेकीकडून वदवून घेतलं होतं. नाव काय, असं विचारलं की म्हणायची, "वेळ आली की सांगेन." वेळ आली, पण सिपोरा पाच महिन्यांपूर्वीच वारली. गावात सगळे त्या माणसाला नुसतं बसराबाबा म्हणायचे. तेवढंच हाती आहे.

घरघर चालू आहे, पण ती पंख्याची नाही. सिपोरा विळीवर खोबरं खवते आहे.

"आलात? बसा."

"बसायला वेळ नाही. पणजोबांचं नाव सांग."

"सांगते की. ते धक्क्यावर उतरले..."

"गोष्ट नको. नाव!"

"मधे बोलू नका हो. धक्क्यावर चार कोळी उभे. त्यांनी विचारलं, कुठून आलात? पणजोबा म्हणाले, बसरा! त्यांना वाटलं, बसा रे म्हणतोय. चौघेही बसले!"

ती मनगटाने तोंड झाकून हसते. ही गोष्ट हारून बेचाळीस वर्षं ऐकत आले आहेत. वैतागून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतात, तर बाहेर धक्का आहे. चार माणसं मांडी घालून बसली आहेत. गलबतातून एक उंच माणूस उतरतो. त्याच्या मागे ऊन आहे, चेहरा दिसत नाही.

"बाबा, तुमचं नाव?" हारून ओरडतात.

"बसरा."

"गावाचं नाही हो! तुमचं!"

"बसरा."

हारून खाली बघतात, तर तेही मांडी घालून बसलेले.

उठायला हात टेकतात तो सिनॅगॉगच्या बाकावर. शेजारी सिपोरा मांडीवर ताट घेऊन मलिद्याचे गोड पोहे कालवते आहे.

"पुरे झाली चेष्टा," हारून म्हणतात. "हट्ट तुझा, आणि उद्या चारचौघांत तोंडघशी पडायचं मी?"

"तुम्ही कधी विचारलंत? विचारायची ती शेरली. तुम्ही पेपर वाचत असायचात."

"बरं, चुकलं माझं. आता सांग."

ती पोह्यांवर खोबरं पसरते.

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का हो?"

हारून तिच्याकडे वळून बसतात.

"आजीलाही माहीत नव्हतं. पणजोबांना कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. सगळे हसले आणि तेच नाव पडलं. म्हणून तर गोष्ट रंगवून सांगायचो आम्ही. माणूस हसला की पुढचं विचारत नाही."

"मग वेळ आली की सांगेन, ते काय होतं?"

"वाटलं, तोवर मी नसेन."

"नाहीसच!"

"बघा. बरोबर निघालं."

संतापाने हारून तोंड उघडतात तेवढ्यात ती त्यांच्या तोंडात मलिद्याचा घास कोंबते. "शेरलीला खरं सांगा. मला नाही जमलं."

फोन वाजतो. हारून खुर्चीत धडपडत उठून बसतात.

"पप्पा, मिळालं का नाव?"

"नाही. तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. जन्मभर बनवलं बाईने आपल्याला."

"काहीतरीच! कोणी सांगितलं तुम्हाला?"

पलीकडे बाळ रडतं आहे.

"मग उद्या हझानला काय सांगायचं?" शेरली विचारते.

"तूच ठेव नाव. पण मला आत्ता सांग. दोनदा सांग."

पलीकडे बाळाचं रडणं थांबतं.

"एलियाझर."

"परत."

"एलियाझर, पप्पा."

हारून पेपरच्या कडेला ते नाव लिहितात आणि तिला वाचून दाखवतात. मग फोन ठेवून हाताने तोंड पुसतात. बोटाला काहीतरी चिकटतं. भिजलेले दोन पोहे. गोड, वेलदोड्याच्या वासाचे.