अम्मा शेवटी बोलायची

सगळ्यांचं बोलून झाल्यावरच माझी अम्मा तोंड उघडायची. साखर पेठेत आमचा साड्यांचा कारखाना होता, वीस मागांचा. वडील तिघा भावांत थोरले; ते लवकर वारले आणि दोन काकांचा व आमचा असा एकत्र कारभार थोरल्या काकांकडे आला.

दर अमावास्येला माग बंद असत. त्या सकाळी अम्मा काका, काकू, मुलं, सुना आणि आमचे रंगारी हुसेनचाचा अशा सर्वांना गोल करून बसवायची. आमचं घर तेलुगू, पण हुसेनचाचांसाठी बैठक मराठीत चाले. पहिल्यांदा बोलायचं ते सर्वांत धाकट्या सुनेनं. थोरल्या काकांना हे रुचत नसे. अम्मा त्यांना म्हणायची, “मोठ्यानं आधी बोललं की धाकट्याचं तोंड शिवलं जातंय, भावजी.”

शेजारच्या गल्लीतल्या एका घरात बाप गेला आणि महिन्याभरात भावांनी माग वाटून घेतले. गाड्यांवर लादलेले ते माग आमच्या दारावरून गेले, तेव्हा अम्मा उंबऱ्यात उभी होती. पुढच्याच बैठकीत तिनं नियम मांडला आणि सगळ्यांनी तो मान्य केला : घरचा मुलगा तीन वर्षं परक्याच्या मागावर विणून आल्याशिवाय गादीवर बसणार नाही. “परक्याचं सोसायला शिकला, की भावाचंबी सोसंल,” ती म्हणाली.

मी दीड वर्षात परत आलो. परक्याची बोलणी मला सोसवेनात. चुलतभाऊ राजेशमनं मात्र तिन्ही वर्षं काढली. पुढे थोरल्या काकांची नजर मंदावली आणि कारभार कुणाकडे द्यायचा हा प्रश्न निघाला. थोरल्या घरचा मुलगा मी. त्या दिवशी नवं धोतर नेसून बसलो होतो. मतं निम्मी निम्मी झाली. अम्मा राहिली होती. ती माझ्याकडेच बघत म्हणाली, “पोटात तुटतंय. पण नेम दुसऱ्याच्या पोराला आन सूट माज्या पोराला, असं न्हाय चालायचं. राजेशम बसंल.”

आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी तिनं माझी वळकटी बांधली आणि माझ्यासमोर ठेवली.

“दीड वरीस ऱ्हायलंय की. जा.”

मी गेलो. पुरं करून आलो, तेव्हा राजेशमनंच माझं नाव सुचवून रंगखाना माझ्या हाती दिला.

काही वर्षांनी साड्यांना उठाव राहिला नाही. निम्म्या मागांवर चादरी घेऊ, असं राजेशम म्हणाला. सगळे त्याच्या बाजूनं बोलले. एकटी अम्मा विरोधात होती. सासऱ्यांपासून चालत आलेली साडी सोडणं तिला पटेना. पण बैठकीत चादर ठरली. ती आता रुसणार असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर चादरीचं जाड सूत ती कांड्यांवर भरत बसली होती. मला बघून म्हणाली, “ठरलं न्हवं? मग माजंबी तेच.”

तेव्हा तिचा जो अभिमान वाटला, तो मला गादीवर बसूनही वाटला नसता.

अम्माच्या शेवटच्या आजारपणात राजेशम सल्ल्याला तिच्या उशाशी येई. समद्यांना इचार, म्हणून ती त्याला माघारी पाठवायची. ती गेली. दिवसकार्य उरकल्यावरही पेठेतले लोक भेटायला येत आणि हळहळत, आता तुमच्या कारखान्याचं कसं व्हायचं?

मी त्यांना बसायला आमचीच चादर अंथरून देई. आतल्या मागांचा आवाज त्यांना ऐकू येतच होता.