दोन झाडांकडे वळलेली दुर्बीण

आमच्या भावजींनी कधी कुणाला उत्तराविना परत पाठवलं नाही. बसची वेळ विचारा, गुडघेदुखीवर उपाय विचारा, समोरचा ढग बरसणार की नाही ते विचारा, उत्तर तयार. खोटं बोलायची हौस म्हणून नव्हे. विचारणाऱ्याचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे, एवढंच.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ज्या डोंगरमाथ्यावर लढाईच्या काळात सैन्याची टेहळणी चौकी होती, तिथे आता कठडा बांधून लोकांना दरी बघायची सोय केली आहे. कठड्याशी लोखंडी स्टँडवर भावजींची दुर्बीण, आणि तिच्यापासून दोन हातांवर माझी चहाची टपरी. शत्रू कुठून आला, पूल कुठे उडवला, हे भावजी हातवारे करून सांगत. लढाई झाली तेव्हा हे पाळण्यात होते, पण ऐकणाऱ्याला वाटावं, हुकूम यांनीच सोडला. टॅक्सीवाले त्यांना चेष्टेने जनरल म्हणत आणि ते खुशाल मनावर घेत.

अकरा वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांचा भाऊ या लढाईत गेला होता आणि त्याचा देह सापडला नव्हता. त्यांनी तुकडीचा नंबर सांगितला आणि ती नेमकी कुठे होती, असं विचारलं. भावजींना काय कप्पाळ ठाऊक! पण दुर्बिणीचा स्क्रू गंजून घट्ट बसला होता आणि ती खालच्या दोन झाडांकडे वळलेली होती. त्या दोन झाडांच्या मधे, असं त्यांनी ठोकून दिलं. बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला तो पाऊण तास काढला नाही. टपरी आवरताना मी भावजींना म्हटलं, स्क्रू फिरवायचा कंटाळा, म्हणून माणूस कुठे मेला तेही तुम्हीच ठरवलंत. आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

बाई दर वर्षी त्याच तारखेला सकाळच्या बसने येऊ लागल्या. दुर्बिणीला डोळा लावून हळू आवाजात भावाशी बोलत. आई गेली. घर विकलं. तुझी सायकल मात्र कुणाला दिली नाही. तेवढा वेळ भावजी टोपी काढून लांब उभे राहत. दुसऱ्या वर्षीच त्यांचा चेहरा पडला होता. पण पहिल्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते पुढे दर वर्षी जास्तच अवघड होत गेलं.

यंदा पर्यटन खात्याच्या कचेरीने पार्किंगशेजारी मोठा नकाशा लावला, प्रत्येक तुकडीच्या जागी लाल ठिपका. बाईंच्या भावाची तुकडी दरीत नव्हतीच. ती मागच्या उतारावर होती, बस थांबते तिथून पन्नास पावलांवर. भावजी नकाशासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मीच म्हटलं, म्हातारं माणूस, कशाला दुखवायचं, राहू द्या. आणि बाई यायच्या त्या सकाळी मी सरबताच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट नकाशापुढे एकावर एक रचले, ठिपका झाकला जाईपर्यंत. भावजींनी ते पाहिलं आणि मान फिरवली.

बाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, नजरेचं आता काही खरं नाही, दुर्बिणीतून नुसतं धूसर दिसतं. म्हणून टॅक्सी ठरवली आहे, आज खाली त्या झाडांपर्यंतच जायचं. भावजींनी वाट तेवढी सांगावी.

भावजींनी टोपी काढली. ते बाईंना घेऊन पार्किंगकडे गेले आणि एकेक क्रेट बाजूला करू लागले. घाईत एक क्रेट हातून सुटला, बाटल्या फुटल्या. मी मागोमाग गेले होते, पण हात लावायची हिंमत झाली नाही.

"बाई, तुमच्या भावाची जागा ही," ठिपक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "त्या दिवशी मी ठोकून दिलं. मला माहीत नव्हतं."

बाईंनी नकाशाला नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं. मग वळून मागचा उतार पाहिला. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"म्हणजे अकरा वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते," त्या म्हणाल्या. "मग मी जे एवढं बोलले, ते ऐकलं कुणी?"

भावजींनी मान वर केली नाही.

मी ऐकलं होतं. आईचं, घराचं, सायकलचं, सगळं, चहा गाळता गाळता. शब्द अगदी ओठांवर आले. पण ऐकलं म्हटलं असतं, तर एवढं ऐकूनही हे क्रेट कुणी रचले तेही सांगावं लागलं असतं. मी खाली बसले आणि काचा वेचू लागले.