कॅमेऱ्याजवळ कोणीच नाही

ठाकुर्लीचे आमचे फोटोवाले "स्माईल" म्हणत नाहीत. कॅमेरा स्टँडवर लावतात आणि स्वतः गिऱ्हाइकाशेजारी गप्पा मारत बसतात. "मी डोळा कॅमेऱ्याला लावला की माणूस आखडतो हो."

पुढचा दात पडल्यापासून आई फोटोत ओठ मिटूनच बसायची. परवा ती त्यांच्या दुकानात फोटोला बसली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "मावशी, बोंबील कुरकुरीत कसे करता?" लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या बोंबलांचा लगदा आठवून आई खळखळून हसली, तोच दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या छत्र्यांतले फ्लॅश चमकले. त्यांनी मूठ उघडली. आत इवलासा रिमोट होता.

फोटोत दाताची खिंड स्वच्छ दिसत होती. "नको असेल तर डिलीट करतो," ते म्हणाले.

आई फोटोकडे बघतच राहिली. "मोठा करा," म्हणाली, "आणि दुकानाच्या काचेत लावा."