काऊ

लिंबाच्या वासाच्या वाइप्सनी खेळणी पुसताना मला बहारीनमधल्या रिफातली स्पीच थेरपीची ती खोली आठवते; तिथेही हाच वास असायचा. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि जेमतेम पाच-सहा शब्द बोलायचा, तेही घरातच. त्या दिवशी त्याची पहिली तपासणी होती. बाहेर रणरणतं ऊन होतं, आत एसीमुळे हुडहुडी भरत होती, तरी माझे तळहात घामेजले होते. थेरपिस्ट बाई बहारीनच्याच, मऊ आवाजाच्या. त्यांनी कावळ्याचं चित्र समोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काऊ." "नो हबीबी," असं लाडाने म्हणत बाईंनी गाईचं चित्र उचललं, "धिस इज काऊ." त्याने जोरात मान हलवली. "हम्मा." बाईंनी मान खाली घालून काहीतरी टिपलं. वर्गात कधी हात वर न केलेली मी मनात वाक्य जुळवत राहिले. शेवटी कसंबसं म्हणाले, "मॅडम, इन मराठी, काऊ इज क्रो. ही इज राइट." बाईंनी पेन थांबवलं. "अँड हम्मा?" "काऊ," मी म्हणाले. त्या हसल्या, लिहिलेलं खोडलं आणि घरी मराठीच बोला, त्याला दर आठवड्याला आणा, असं सांगितलं. तो नीट बोलेल ना, हे विचारायचं मात्र मला धैर्य झालं नाही. आता तो दिवसभर बडबडतो. तरी खेळता खेळता जरा गप्प झाला की मी स्वयंपाकघरातून हाक मारते, आणि "व्हॉट, आई?" ऐकू येईपर्यंत जागची हलत नाही.